माथा सोडून घर

कोकणात जागा बघायला जाणारी माणसं बहुधा डिसेंबर-जानेवारीत जातात. हवेत गारवा असतो, रस्ते कोरडे असतात, कलमांना मोहर धरलेला असतो. जागा दाखवणारा गाडी थेट सड्यावर नेतो, कारण गाडी सुखाने जाते ती तिथपर्यंतच आणि समुद्र दिसतो तोही तिथूनच. संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतात. पाहुणे सड्याच्या कडेला उभे राहतात, समोर सूर्य पाण्याकडे उतरत असतो, आणि कुणीतरी चपलेच्या टोकाने जमिनीवर रेघ ओढून म्हणतं, "दिवाणखान्याची खिडकी इथे."

माझ्या मावसभावाने राजापूरच्या बाजूला जागा घेतली तेव्हा त्यानेही अशीच रेघ ओढली होती. मी शेजारी उभा होतो आणि मलाही ती पटली होती.

अशा रेघेने घराचं निम्मं भवितव्य ठरून जातं. नकाशा, विटा, खिडक्या, रंग या पुढच्या गोष्टी. शहरातल्या प्लॉटवर घर कुठे बसवायचं हा प्रश्न फारसा उरत नाही. चारी बाजूंनी किती जागा सोडायची ते नियम सांगतात आणि उरलेल्या चौकोनात घर मावतं. गावाकडे दोन-चार एकर जमीन हाताशी असली की तोच प्रश्न सगळ्यांत मोठा होतो. त्याचं मला पटलेलं उत्तर ऐकायला उलटं वाटेल. आपल्या जमिनीतली सर्वांत सुंदर जागा घरासाठी घेऊ नये. ती मोकळी ठेवावी, आणि घर तिच्यापासून थोडं खाली, थोडं आडोशाला बांधावं.

अमेरिकेतले वास्तुरचनाकार फ्रँक लॉइड राइट यांनी १९११ मध्ये विस्कॉन्सिन राज्यात स्प्रिंग ग्रीनजवळ स्वतःसाठी घर बांधलं. ते आजोळचं खोरं होतं. आईकडची माणसं वेल्समधून येऊन तिथे शेती करत होती. लहानपणी ज्या टेकडीवर ते हिंडले, तिच्यावरच त्यांनी घर बांधलं, पण माथ्यावर नाही. माथ्याच्या जरा खाली, टेकडीला कवेत घेऊन ते घर फिरतं आणि माथा अंगणासारखा मधे मोकळा राहतो. घराला त्यांनी वेल्श भाषेतलं नाव दिलं, तालिएसिन. त्याचा अर्थ तेजस्वी कपाळ. माथ्यावर बांधलं की टेकडी हातची जाते, हे राइट आयुष्यभर सांगत आले. घर टेकडीच्या डोक्यावर बसलं की दुरून बघणाऱ्याला घरच दिसतं, आणि आत राहणाऱ्याला पायाखालची टेकडी दिसेनाशी होते. मराठीत आपण डोंगराला माथा देतो, पायथा देतो, आणि या दोघांच्या मधल्या जागेला कूस म्हणतो. घराची जागा त्या शब्दातच सांगितलेली आहे.

निसर्गाशी जुळलेल्या घराचं उदाहरण म्हणून जगभर ज्याचं चित्र दाखवलं जातं, तेही राइट यांचंच. पेन्सिल्व्हेनियातल्या बेअर रन या ओढ्यावरचं 'फॉलिंगवॉटर'. पिट्सबर्गमध्ये मोठं दुकान चालवणाऱ्या एडगर कॉफमन यांच्या कुटुंबाची तिथे जंगलात जागा होती. धबधब्याच्या वरच्या मोठ्या खडकावर ते उन्हात पडत, पाण्यात डुंबत. राइट १९३४ च्या डिसेंबरात जागा बघून गेले आणि त्यांनी आधी मोजणी मागवली. चढउतार तर हवेच होते, पण प्रत्येक मोठा खडक आणि प्रत्येक मोठं झाडही कागदावर हवं होतं. नंतर कित्येक महिने त्यांनी पेन्सिल उचलल्याचं कुणी पाहिलं नाही. १९३५ च्या सप्टेंबरात कॉफमन भेटायला निघाल्याचं कळलं आणि ते पोचेपर्यंतच्या दोन-तीन तासांत त्यांनी सगळं घर कागदावर उतरवलं, असं त्यांचे शिष्य सांगत. जादू वाटावी असा हा किस्सा आहे. मला मात्र त्यात ती खडक-झाडांची मोजणी जास्त महत्त्वाची वाटते. त्यांनी ती जागा महिनोन् महिने डोक्यात वागवली होती.

कॉफमन यांची अपेक्षा सरळ होती. घर ओढ्याच्या पलीकडे असावं आणि खिडकीतून समोर धबधबा दिसावा. राइट यांनी घर धबधब्याच्या वरच ठेवलं. काँक्रीटच्या गच्च्या ओढ्यावर पुढे झेपावतात, पाणी त्यांच्या पोटाखालून वाहत जाऊन कोसळतं. घरात बसून धबधबा दिसत नाही, दिवसरात्र ऐकू येतो. बैठकीच्या खोलीतून एक झडप उघडून जिना थेट पाण्यावर उतरतो. कुटुंब ज्या खडकावर बसत असे, तो फोडला नाही. शेकोटीपुढच्या जमिनीतून तो तसाच वर आलेला आहे. आजूबाजूच्या फरशीला मेणाची चकाकी आहे, खडक कोरडा ठेवला आहे. म्हणून ओढ्याच्या पाण्यातून दगड वर यावा तसा तो दिसतो. भिंतींचा वाळूचा दगड जवळच्याच खाणीतला आहे. वाटेवरच्या काँक्रीटच्या तुळईला एका झाडाला वळसा घालून जायला लावलं आहे.

मग राइट यांनी स्वतःचाच नियम मोडला का? एका अर्थी हो. कुटुंबाची सर्वांत लाडकी जागा त्यांनी घराच्या पोटात घेतली आणि त्याची किंमत पुढच्या पिढ्यांनी मोजली. झेपावलेल्या गच्च्या साचे काढताच झुकू लागल्या आणि झुकत राहिल्या. काही ठिकाणी हा झोल जवळजवळ सात इंचांवर गेला. अखेर २००२ मध्ये पोलादी दोर ताणून बसवून त्या सावरल्या. गळती आणि ओल तर पहिल्यापासून होतीच. पण धबधबा जिथून दिसतो, ती ओढ्याच्या खालच्या अंगाची जागा त्यांनी मोकळीच सोडली. या घराचं जगभर छापलं जाणारं चित्र तिथूनच घेतलेलं असतं. १९६३ मध्ये कुटुंबाने हे घर एका निसर्गरक्षण संस्थेच्या हवाली केलं, आणि २०१९ मध्ये राइट यांच्या आणखी सात इमारतींबरोबर ते युनेस्कोच्या जागतिक वारशात गेलं. तिथे जाणारा आजही घर समोरून बघायचं तर ओढ्याकाठी उतरून जातो.

आता कोकणात येऊ, कारण आपल्याकडे गावाकडचं घर म्हणून पुष्कळ बांधकाम सध्या तिथे चाललं आहे.

रत्नागिरी-सिंधुदुर्गातली जुनी वाडी नीट पाहिली तर ती फार विचाराने बसवलेली दिसते. सगळ्यात वर सडा, म्हणजे जांभ्याचं सपाट पठार. सगळ्यात खाली भाताचे मळे आणि व्हाळ. वाडी या दोहोंच्या मधे, उताराच्या कुशीत, माडा-फणसांच्या सावलीत. सड्यावर कुणी घर बांधलं नाही. मळ्यातही नाही, कारण तिथे पूर येतो आणि भाताची जमीन घराखाली घालवणं परवडणारं नव्हतं.

सडा का सोडला? वारा हे एक कारण. जूनमध्ये नैर्ऋत्येचा वारा सुटला की सड्यावर पाऊस वरून पडत नाही, आडवा येतो. कातळावर माती नाही, म्हणून झाड धरत नाही. आणि झाड नाही म्हणून मेमध्ये सावली नाही. पण खरं कारण पाण्याचं आहे. जांभा सच्छिद्र असतो. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. त्यातला बराचसा सड्यातून खाली झिरपतो. जांभ्याच्या थराखाली शेडी लागते, पांढरट-पिवळी, हाताला साबणासारखी लागणारी माती. तिच्यातून पाणी सहजी खाली जात नाही. ते आडवं सरकतं आणि उताराच्या अंगाला झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडतं. वाडीची विहीर त्याच रेषेवर असते. कित्येक ठिकाणी झऱ्याच्या तोंडाशी देवराई राखलेली असते. म्हणजे गावातली सर्वांत मोलाची जागा लोकांनी स्वतःसाठी न घेता देवाला दिली.

सडा ही वाडीची पाण्याची टाकी आहे, असं म्हटलं तर चूक होणार नाही. महसुलाच्या कागदावर त्याची नोंद बहुधा पोटखराबा अशी असते. प्रत्यक्षात पावसाळ्यात तिथे गवत येतं, फुलं येतात, डबकी भरतात. पूर्वी कधीतरी माणसांनी याच कातळांवर हत्ती, मासे, माणसं आणि न उलगडणाऱ्या आकृत्या कोरून ठेवल्या. ती कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. ज्यांनी ती कोरली त्यांच्यासाठीही सडा मोलाचाच असणार.

त्या सड्यावर आज बंगला उभा राहतो तेव्हा काय होतं? पाणी वर चढवायला पंप लागतो, एप्रिल उजाडला की टँकर लागतो. हा त्रास घरमालकाचा, तो त्याने सोसावा. पण संडासाचा शोषखड्डा सच्छिद्र जांभ्यात खणलेला असतो, आणि त्यातलं पाणी जाणार कुठे? ज्या वाटेने पाऊस झऱ्यात जातो त्याच वाटेने तेही जातं. खालच्या वाडीतली बाई विहिरीवरून कळशी भरते ती त्या पाण्याची. हे बंगलेवाल्याला खिडकीतून दिसत नाही. माथ्यावर न बांधण्याचं माझ्या लेखी सर्वांत मोठं कारण हे आहे, आणि ते सौंदर्याच्या कुठल्याही कारणापेक्षा वजनदार आहे.

कुशीत बांधायचं म्हणजे जेसीबी लावून डोंगर उभा कापायचा, असाही अर्थ नाही. मुख्य चूक बऱ्याचदा इथेच होते. सपाट जागा हवी म्हणून वीस फूट उंच उभा काप घेतला जातो, त्यात शेडीचा थर उघडा पडतो, आणि जुलैत त्यातून उपळ फुटली की वरचा जांभा पुढे सरकू लागतो. मग काँक्रीटची राखणभिंत, मग तिला तडा. जुन्या घरांनी हा प्रश्न पायऱ्यापायऱ्यांनी सोडवला होता. खळं एका पातळीवर, ओटी दोन पायऱ्या वर, माजघर आणखी एक पायरी वर, मागीलदारी परसू त्याहून उंच. उतार कापून काढण्याऐवजी घरच उताराबरोबर चढत जाई. आजच्या घरातही बैठक, जेवणाची जागा आणि निजायच्या खोल्या अशा तीन पातळ्यांवर ठेवता येतात. म्हाताऱ्या माणसांसाठी एक खोली आणि न्हाणीघर सगळ्यात खालच्या पातळीवर ठेवलं की झालं.

छपराविषयी थोडं हिशेबाने बोलू. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. घराचं छप्पर दीडशे चौरस मीटरचं असेल आणि एका दिवसात दोनशे मिलिमीटर पाऊस झाला, कोकणात जुलैमध्ये होतोच, तर त्या एका दिवसात छपरावर तीस हजार लिटर पाणी येतं. दहा हजारांचे तीन टँकर. सपाट स्लॅब या पाण्याला थांबायला जागा देतो, आणि थांबलेलं पाणी वाट शोधतं. म्हणूनच सगळ्या कोकणपट्टीत स्लॅबच्या घरांवर नंतर बसवलेले निळे-लाल पत्रे दिसतात. आधी पैसे खर्चून सपाट गच्ची करायची आणि दोन पावसाळ्यांनंतर पुन्हा पैसे खर्चून तिच्यावर छप्पर घालायचं. उतरतं छप्पर पहिल्याच दिवशी घातलं तर हे टळतं. मंगलोरी कौलांना तीस अंशांच्या आसपास उतार द्यावा आणि वळचण भिंतीपासून चांगली तीन-साडेतीन फूट पुढे काढावी. पागोळ्या जिथे पडतात तिथे दगडी चर ठेवावा आणि ते पाणी टाकीत किंवा विहिरीच्या वरच्या अंगाला न्यावं.

उन्हाचंही असंच. या अक्षांशावर मेच्या पहिल्या पंधरवड्यात दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, काठीची सावली काठीखालीच राहते. त्या दिवसांत ऊन भिंतींवर फारसं पडत नाही, छपरावर पडतं. भिंत कितीही जाड बांधली आणि डोक्यावर उघडा स्लॅब ठेवला तर घर रात्री दहापर्यंत भट्टीसारखं राहतं. कौलांखाली लाकडी माळा असला की मधली हवा उष्णता अडवते. पूर्वी त्या माळ्यावर भात, नारळ, आमसुलं ठेवत. आपण तिथे पुस्तकं ठेवू नयेत, वाळवी लागते, पण माळा मात्र ठेवावा.

भिंतीसाठी जांभा हाच दगड, हे कोकणात कुणाला सांगावं लागत नाही. तरी त्याच्याविषयी दोन शब्द लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. फ्रान्सिस ब्युकॅनन या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात केरळातल्या अंगाडीपुरमजवळच्या या दगडाला लॅटेराइट असं नाव दिलं. लॅटिनमध्ये वीट या अर्थाचा जो शब्द आहे त्यावरून. खाणीतून ताजा निघालेला चिरा मऊ असतो, पात्याने विटेसारखा कापता येतो, आणि हवा लागली की त्यातलं लोह त्याला टणक करतं. म्हणजे हा दगड घडवताना तुमचं ऐकतो आणि मग आयुष्यभर भार पेलतो. त्याला सिमेंटचं प्लास्टर करून पांढरा रंग फासणं मला बघवत नाही. चिरा उघडा ठेवावा, सांधे नीट भरावेत, आणि त्याला पावसापासून वाचवायचं काम वळचणीने करावं. पाणी पिणारा दगड आहे हे विसरू नये. जोतं काळ्या दगडाचं केलं तर ओल वर चढत नाही.

इथवर वाचून कुणाला वाटेल की मी जुनं कौलारू घर जसंच्या तसं पुन्हा बांधायला सांगतो आहे. तसं नाही. जुन्या घराचं माजघर दिवसाही अंधारं असे. स्वयंपाकघरात धूर कोंडे आणि तो बाईच्या डोळ्यांत जाई. संडास लांब असे, आणि पावसातल्या रात्री तिथे जाणं म्हणजे काय हे आमच्या आजीला विचारायला हवं होतं. नव्या घराने हे सगळं बदलायलाच हवं. स्वयंपाकघराला घरातला सर्वांत चांगला उजेड आणि वारा द्यावा. ओटा असा ठेवावा की भाजी चिरणाऱ्याला समोर परसू दिसेल.

जुन्याची नक्कल न करता जागेशी जुळणं म्हणजे काय, याचं आपल्या किनाऱ्यावरचं उत्तम उदाहरण नांदगावात आहे, अलिबागहून मुरुडकडे जाताना. 'पामायरा हाऊस' हे घर २००७ मध्ये पुरं झालं. ते बिजॉय जैन यांच्या स्टुडिओ मुंबईने केलं. समुद्र जवळच आहे. तरी घर माडांच्या पिकत्या बागेच्या आत शिरून बसलं आहे, झावळ्यांच्या सावलीत. दोन लांबट, दुमजली लाकडी इमारती एकमेकींपासून किंचित तिरक्या उभ्या आहेत. मधे दगडी अंगण आणि पाण्याचं अरुंद कुंड. सांगाडा ऐनाच्या लाकडाचा, सांधे सुतारांनी हाताने बसवलेले. बाहेरच्या बाजू ताडाच्या खोडांपासून केलेल्या आडव्या पट्ट्यांच्या. ऊन त्यांच्यात अडतं, वारा आरपार जातो. जोती आणि वाटा तिथल्या काळ्या दगडाच्या, गिलाव्यात तिथलीच वाळू. बागेतल्या विहिरींचं पाणी गाळून उंच टाकीत चढवलं जातं आणि तिथून आपोआप उतरतं. झाडांपर्यंत ते दगडी पाटांनी जातं, कारण तिथल्या आगरांत पिढ्यान् पिढ्या ते तसंच जात आलं आहे. आगाखान वास्तुपुरस्काराच्या २०१० च्या अंतिम यादीत हे घर होतं.

या घरात कौल नाही, ओटी नाही, कमान नाही. जुन्या कोकणी घरासारखं ते कुठूनच दिसत नाही. पण ज्या प्रश्नांना जुन्या घराने उत्तरं दिली होती, त्याच प्रश्नांना ते आपली उत्तरं देतं. हे सुट्टीचं घर आहे आणि असं लाकूडकाम सगळ्यांच्या खिशाला झेपणारं नाही, हेही खरं. तरी त्यातली एक गोष्ट फुकट शिकता येते. समुद्र दिसावा म्हणून त्यांनी बाग तोडली नाही.

जागा घेणाऱ्याला मी आता एकच गोष्ट आग्रहाने सांगतो. नकाशा काढायच्या आधी एक पावसाळा त्या जमिनीवर काढा. गावात भाड्याने खोली घ्या, जमेल तितक्या वेळा या. पाऊस कोसळत असताना छत्री घेऊन बांधावरून फिरा. पाणी कुठून येतं, कुठे जमतं, कुठून निसटतं, ते कागदावर मांडा. शेजारच्या कुळंबीणकाकूंना विचारा, त्यांना प्रत्येक पऱ्ह्या ठाऊक असतो. झाडं मोजा. आंबा, फणस, कोकम, काजू, एकेक. मेच्या दुपारी तीन वाजता कुठल्या झाडाखाली बसवतं ते बघा. घर बहुधा त्या झाडाच्या आसपासच असतं. कुंपणाला काँक्रीटची भिंत घालू नका. चिऱ्याचा किंवा दगडांचा गडगा घाला, म्हणजे पाणी, सरडे आणि मुंगूस आपापल्या वाटेने जातील.

मावसभावाने आधी कुरकुर केली, मग एक पावसाळा काढला. घर शेवटी सड्याच्या खाली, दोन जुन्या फणसांच्या मधे बसलं. तीन पातळ्या, उघडा चिरा, कौलं, आणि पश्चिमेला खोल पडवी. खिडकीतून समुद्र दिसत नाही. संध्याकाळी चहाचा थर्मास घेऊन पाखाडीने सात-आठ मिनिटं वर चढावं लागतं. मागच्या ऑगस्टमध्ये आम्ही दोघं गेलो होतो. त्याने ज्या जागी चपलेने रेघ ओढली होती तिथे घोट्याइतकं पाणी साचलं होतं, आणि त्याच्या काठाने सीतेची आसवं फुलली होती, निळी, हातभर अंतरापर्यंत दाट. आम्ही कडेने गेलो आणि ओल्या कातळावर गोणपाट टाकून बसलो.